आधी फोन मराठीत करा, कुलपाचं मग बोलू

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, नंदगड या बाजूची माणसं बाजाराला आली की कागदं घेऊन येतात आणि कागदांबरोबर फोनही माझ्यापुढे ठेवतात. "अक्का, काय आलंय बघ की जरा." ओटीपी आला तरी स्वतः वाचत नाहीत, फोनच सरकवतात. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे हे खरं, पण मला त्याची काळजीच जास्त वाटते. आज माझ्यापुढे सरकलेला फोन उद्या कुणाहीपुढे सरकेल.

फोन कसा सांभाळावा याच्या याद्या खूप फिरतात. त्यात पासवर्ड असतो, अँटिव्हायरस असतो, चार्जिंगची वायर असते. आपल्या सीमाभागातलं दुखणं त्या याद्यांत येत नाही. आपण घरात बोलतो मराठी, वाचतो मराठी. वीजबिल कन्नडमध्ये येतं, बँकेचा मेसेज इंग्रजीत, योजनेचा मेसेज कन्नडमध्ये, आणि फोन दुकानातून आणला त्या दिवसापासून इंग्रजीतच. जे वाचता येत नाही त्यावर माणूस अंदाजाने बोट ठेवतो. फसवणाऱ्यांचा सगळा धंदा त्या अंदाजावर चालतो. म्हणून मी सुरुवात इथूनच करायला सांगते.

फोन वाचता आला पाहिजे

सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टम, मग भाषा उघडा आणि मराठी वर आणा. काही फोनांत हे 'जनरल मॅनेजमेंट' किंवा 'अतिरिक्त सेटिंग्ज'मध्ये असतं. सेटिंग्जच्या वरच्या शोधाच्या चौकटीत 'लँग्वेज' लिहिलं तरी सापडतं. फोन मराठी झाला की व्हॉट्सअ‍ॅप आणि बरीच अ‍ॅप आपोआप मराठीत दिसतात. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल. तेवढं सोसा. एखादं अ‍ॅप "तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी" मागतंय हे मराठीत समोर आलं की सासूबाईसुद्धा थबकतात. तेच वाक्य इंग्रजीत असलं की खालचं निळं बटण दाबून मोकळ्या होतात.

मेसेज मात्र ज्या भाषेत आला त्याच भाषेत राहतो. त्यासाठी गूगल ट्रान्सलेट ठेवा. मेसेज दाबून धरा, कॉपी करा, तिथे चिकटवा. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा आधीच डाउनलोड करून ठेवता येतात, मग कणकुंबीच्या पुढे रेंज गेली तरी काम चालतं. कागदावरचं कन्नड असेल तर त्याच अ‍ॅपचा कॅमेरा धरा. ओटीपीचा मेसेज तर पूर्ण वाचलाच पाहिजे. किती रुपये आणि कशासाठी, हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. "योजनेची नोंदणी" म्हणून मागितलेल्या ओटीपीवर बँकेतून रक्कम जाणार असल्याचं लिहिलेलं असेल, तर तिथल्या तिथे सगळं कळतं.

आणि फोन कुणाला दाखवायचाच असेल तर घरातलं एकच माणूस ठरवा. लेक, सून, पुतण्या, कुणीही. दुकानदार नको, मीसुद्धा नको. माझ्या दुकानात मी आता ओटीपी ज्याचा त्याला वाचायला लावते किंवा स्क्रीनवर स्वतः टाकायला लावते. वेळ जातो, मागची रांग कुरकुरते, पण मी ते सोडणार नाही. अर्ज भरून झाला की आधारची कॉपी, पासबुकचा फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून तुमच्यासमोर पुसायला सांगा. हा तुमचा हक्क आहे. कुठल्याही दुकानात सांगा.

लग्नपत्रिका, चलन आणि गृहलक्ष्मी

सध्या सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी फाइल, जिच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं. नाव काहीही असतं: लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी. आपल्याकडे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचं नाव फार चालतं, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये योजना सुरू झाल्यापासून महिन्याचे दोन हजार आले की नाही हा प्रश्न घरोघरी आहे. हप्ता अडकला की बाई कासावीस होते, आणि तेवढ्यात "हप्ता थांबला आहे, अ‍ॅप टाका" असा मेसेज आला की विचार करायला ती थांबत नाही.

पत्रिका ही फोटो असते, पीडीएफ असते किंवा व्हिडिओ असतो. पत्रिका पाहायला अ‍ॅप टाकावं लागत नाही. एपीके म्हणजे अ‍ॅपच. फाइल नुसती आली म्हणून काही होत नाही, ती उघडून 'इंस्टॉल' केल्यावर होतं. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कधी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतं. ही दुसरी परवानगी मुळात दृष्टी किंवा हात अधू असलेल्यांच्या सोयीसाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. ओटीपी परस्पर तिकडे पोचतो, तुम्हाला मेसेजचा आवाजही येत नाही. पुढे तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल सगळ्या ओळखीच्यांना जाते. म्हणून "मावशीच्या नंबरवरून आली होती" याला काही अर्थ उरत नाही. मावशीला फोन लावून विचारा.

दार आधीच बंद करून ठेवायचं असेल तर सेटिंग्जच्या शोधात 'अननोन अ‍ॅप्स' किंवा मराठीत 'अनोळखी अ‍ॅप्स' लिहा. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर या प्रत्येकापुढची परवानगी बंद असली पाहिजे. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबून 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे ना ते बघा. कुणी फोनवर "आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा" म्हणालं, तर तो चोर आहे, दुसरं काही नाही. मग सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडून तिथे कुठलं अनोळखी अ‍ॅप चालू दिसतंय का ते पाहा. हे मी दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला घरच्या सगळ्यांच्या फोनवर बघते.

गृहलक्ष्मीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. हप्ता पाहायचा असेल तर प्ले स्टोअरवर राज्य सरकारचं 'डीबीटी कर्नाटक' अ‍ॅप आहे, नाहीतर ग्रामवन, बेळगावात बेळगाव वन केंद्र आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अ‍ॅपमधून हप्ता सुटत नाही.

एपीके टाकून बसला असाल तर असं करा. पहिल्यांदा विमानाचं चित्र दाबून फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद झालं ना बघा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं, यूपीआय, कार्ड थांबवा. त्याच दुसऱ्या फोनने त्या फाइलचे, मेसेजचे, नंबरचे फोटो काढा, पोलिसांत लागतील. मग अ‍ॅप काढा. निघत नसेल तर त्याची अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' परवानगी आधी बंद करा, किंवा फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली अ‍ॅप बंद ठेवून, सुरू करा आणि काढा. एवढं झालं तरी मी तो फोन तसाच वापरायला देत नाही. फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन पूर्ण रिसेट करा आणि पासवर्ड, यूपीआय पिन नव्याने ठेवा.

फोनवर बोलणारा कोण आहे

"आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या नावाने येतो. त्या नंबरवर फोन केला की तो एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला सांगतो किंवा व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉलवर 'स्क्रीन शेअर' करायला लावतो. मग तुमच्या फोनवर येणारं सगळं त्याला दिसतं. बिलाची शंका असेल तर बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन हेस्कॉमच्या ऑफिसात जा. सरकारी मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता इंग्रजी 'जी' अक्षर असतं. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करायचे अशी व्यवस्था झाली आहे, आणि बँकेच्या खऱ्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतो. या खुणा उपयोगाच्या आहेत. पण खूण बरोबर दिसली म्हणून पिन सांगायचा नाही.

एका फसवणुकीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती आपल्याकडे फार लवकर पटते. जुनी बुलेट, स्कूटर, फ्रिज विकायला काढलेला माणूस म्हणतो, "मी जवान आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात देतोय." गणवेशातला फोटो पाठवतो, कँटीनचं कार्ड पाठवतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आपल्या तालुक्यातल्या घराघरातलं कुणीतरी फौजेत आहे. जवानावर शंका घेणं आपल्या जिवावर येतं. चोरांना हे पक्कं ठाऊक आहे. गाडी पोचवायचा खर्च आधी पाठवा म्हणतो, मग पावतीचे, मग गेटपासचे. तुम्हीच काही विकत असाल तर क्यूआर कोड पाठवतो आणि "स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" म्हणतो. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकला की पैसे जातात. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, मग समोरचा सुभेदार म्हणवो की कर्नल. फौजेतल्या पोरांच्या घरच्यांना एक विनंती: त्यांचे ओळखपत्रासहचे फोटो स्टेटसला ठेवू नका. तेच फोटो पुढे अशा कामाला जातात. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे मागायची 'कलेक्ट' सोय बंद झाली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआरची उघडीच आहे.

मग डिजिटल अरेस्ट. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात, आणि मागे घरात दोघंच म्हातारे. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या किंवा सीबीआयच्या वेशातला माणूस येतो, "तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॉल तोडायचा नाही, कुणाला सांगायचं नाही" म्हणतो. आपल्या जिल्ह्यातही यात वयस्कर माणसांचे जीव गेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून देशाला याबद्दल सावध केलं, तरी हे फोन थांबलेले नाहीत. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, जामिनाचे पैसे यूपीआयवर घेत नाही. आई-वडिलांना एवढंच पाठ करून द्या: कॉल कट करायचा, दार उघडून शेजारी जायचं. "कुणाला सांगू नका" असं म्हणणाऱ्याचा फोन तोडल्याने कुठलाही गुन्हा लागत नाही.

कुलपं

स्क्रीनला सहा आकडी पिन लावा. रेघांचा पॅटर्न नको, बसमध्ये शेजारच्याला तो सहज दिसतो आणि काचेवर बोटांचे ठसेही राहतात. पिन म्हणून जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. लॉक असताना मेसेजचा मजकूर वर दिसू नये अशी सोय नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये आहे, ती लावा.

सिमचं कुलूप मात्र बहुतेकांना माहीतच नसतं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. सौंदत्तीच्या जत्रेत, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत, बेळगावच्या बसस्टँडवर चढता चढता फोन जातो. तुमचा फोन उघडला नाही तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो. मग तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे. सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक' शोधा आणि चालू करा. आधीपासून असलेला पिन सिम कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि पीयूके क्रमांक मागावा लागतो. नंतर पिन बदलून आपला ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथेही सहा आकडी पिन. 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडून अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. फोनचे अपडेट आले की घ्या. अँटिव्हायरसवर पैसे घालवायची गरज मला दिसत नाही. स्टँडवरच्या चार्जरची भीतीही लोक उगाच जास्त घेतात.

दुरुस्तीला देताना सिम काढून घ्या आणि पिन सांगू नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत 'मेंटेनन्स मोड' असतो, तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. जुना फोन विकताना गूगल खातं काढा, मगच रिसेट करा.

फोन हरवायच्या आधी करायचं एक काम: *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. ते कागदावर लिहून रेशनकार्डाजवळ ठेवा. फोन गेला की आधी सिम बंद करून घ्या, मग कर्नाटक पोलिसांच्या अ‍ॅपवरून 'ई-लॉस्ट' तक्रार किंवा स्टेशनात तक्रार, आणि त्या तक्रारीच्या प्रतीवरून केंद्र सरकारच्या 'संचार साथी' साइटवर फोन ब्लॉक करायचा अर्ज. त्याच संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. ते एकदा बघाच. न घेतलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

अंगठा

गावात बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा लावून पैसे काढता येतात. ही चांगली सोय आहे, पण अंगठ्याचा ठसा चोरला तर ओटीपीही लागत नाही. खरेदीखतांवरच्या ठशांचा गैरवापर करून असे पैसे काढल्याचे प्रकार २०२३ मध्ये कर्नाटकात उघड झाले होते. आधारच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. पण सगळ्यांना मी ते करायला सांगत नाही. अन्नभाग्यच्या तांदळालाही रेशन दुकानात अंगठाच लागतो. लॉक करून म्हातारी रेशनच्या रांगेत उभी राहिली आणि अंगठा लागला नाही, तर तिला हेलपाटा पडतो. घरात लॉक काढून देणारं माणूस असेल तरच लावा. नसेल तर अंगठ्याने पैसे निघणाऱ्या खात्यात गरजेपुरतेच ठेवा.

पैसे गेले तर

१९३० लावा. लाज, भांडण, विचारपूस सगळं नंतर. पैसे आधी एका भाड्याच्या खात्यात जातात, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि मग एटीएममधून बाहेर पडतात. बाहेर पडायच्या आधी कळलं तर वाटेतल्या खात्यात गोठवता येतात, म्हणून पहिल्या तासाची किंमत फार आहे. खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर तक्रार पूर्ण करा. कोल्हापूरचं किंवा गोव्याचं सिम वापरत असलात तरी राहता इथे, तर राज्य म्हणून कर्नाटक निवडा.

भाड्याच्या खात्यांवरून आठवलं. "तुझं खातं वापरायला दे, टक्केवारी देतो" असं कॉलेजच्या पोरांना कुणी ना कुणी विचारतंच. पोरांनो, चोरीचा पैसा तुमच्या नावावर फिरतो, खातं गोठतं आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात.

बँकेलाही त्याच तासात कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार आपल्या चुकीने पैसे गेले असले, तरी कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. आपली चूक नसताना, बँकेचीही नसताना मधल्याच कुठल्या गळतीमुळे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर पूर्ण रक्कम मिळायला हवी. म्हणून कळवल्याची वेळ आणि क्रमांक लेखी घ्या. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची चौकशी १४४४८ वर होते.

पोलिसांत बेळगाव शहरातल्यांसाठी सायबर गुन्हे बघणारं सीईएन ठाणं आहे, नाहीतर जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायची तरतूद आहे. तिथे मराठीत सांगा. बरेच हवालदार मराठी समजतात. लिहितील कन्नडमध्ये. सही करायच्या आधी लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. फिर्याद वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं कायद्यानेच त्यांच्यावर घातलेलं आहे. रक्कम, तारीख आणि यूटीआर तुमच्या कागदाशी जुळतात का ते बोट ठेवून बघा. शंका आली तर तिथेच बाकावर बसून ट्रान्सलेटचा कॅमेरा धरा. चूक सापडली तर दुरुस्त करून घ्या, मगच सही करा.